बाजूला ठेवलेली चिठ्ठी

आमच्या गल्लीतल्या बायकांचं बीपी दर गुरुवारी मार्नी मोजते. फुकट मोजते आणि वर बोलणीही ऐकवते. "लास्त्रीताई, मीठ कमी कर म्हटलं होतं, तू तर खारे मासे वाढवलेस," असं ती चारचौघींत म्हणते आणि मला तोंड लपवायला जागा उरत नाही. सत्तावन्न वर्षांची बाई, चौतीस वर्षं एकाच इस्पितळात नर्स होती. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. एकुलती एक मुलगी दूर बाताम बेटावर कारखान्यात आहे, ती ईदला येते, तीही आली तर. संध्याकाळी मार्नी ओट्यावर एकटी बसते आणि आत टीव्ही चालू असतो. "बघत नाहीस तर लावतेस कशाला?" मी एकदा विचारलं. "आत कुणीतरी बोलतंय असं वाटतं," ती म्हणाली.

तिची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या भिशीची सांगावी लागते. गल्लीत सव्वीस बायकांची भिशी आहे, माझ्या सासूच्या वेळेपासून. नावाच्या चिठ्ठ्या सुरळी करून सरबताच्या नळीच्या तुकड्यांत घालायच्या, तुकडे बाटलीत टाकायचे, भोक पाडलेलं झाकण लावून बाटली उलटी धरायची आणि हलवायची. जी सुरळी खाली पडेल तिची भिशी, आणि पुढच्या महिन्याचा चहाफराळ तिच्याच घरी. एकदा निघालेली चिठ्ठी डबीत बाजूला ठेवायची. सगळ्या जणींची फेरी पुरी होईपर्यंत ती परत बाटलीत जात नाही. आम्ही बायका एरवी शेंगदाण्याच्या कुरकुरीत पापडावरूनही भांडतो, पण हा नियम कुणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

ती बाटली एकोणीस वर्षं मार्नीच्या हातात होती. दुसऱ्या कुणावर आमचा विश्वास नव्हता. माझ्यावर तर नव्हताच, कारण माझ्या हातून दोनदा माझ्याच बहिणीचं नाव निघालं होतं.

मग करोना आला. पहिलं वर्ष आम्ही टिवल्याबावल्या करत काढलं. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत मात्र गल्लीने तोंडाशी आडवा बांबू टाकला. बाहेरच्यांना मज्जाव. तो बांबू लाल-पांढरा रंगवला माझ्या नवऱ्याने, आणि तो रंगवत होता तेव्हा मी त्याला चहा नेऊन दिला, हे आधीच सांगून टाकते. मार्नी काही बाहेरची नव्हती, पण ती रोज इस्पितळातून यायची. चार पुरुष गल्लीप्रमुखाकडे जाऊन बसले. गल्लीप्रमुखाने तिला फोन केला, अगदी साखरेत घोळून. "जाऊन येऊन तुम्हीच थकता हो. तिकडेच झोपायची सोय झाली तर तुमच्याच जिवाला आराम." आमच्याकडे कुणाला घालवून द्यायचं असलं की त्याच्या तब्येतीची काळजी करतात. ती समजायचं ते समजली. पाच महिने ती इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठीत गादी टाकून झोपली.

त्या दिवसांत मशिदीच्या भोंग्यावरून गेलेल्यांची नावं सांगत. एरवी महिन्याला एखादं असे. त्या जुलैत सकाळच्या चहाला दोन, जेवणाआधी एक, भांडी घासताना आणखी दोन. शेवटी सांगणाऱ्याचा घसा बसला आणि त्याचा भाऊ सांगू लागला.

इस्पितळात डॉक्टरांना घालायला झगे उरले नव्हते. मी शिवणकाम करते, तेव्हा रेनकोटच्या कापडाचे झगे शिवून बांबूपलीकडे टोपलीत ठेवायचे आणि मार्नी येऊन उचलायची. आम्ही दोघी मध्ये दहा हात जागा सोडून बोलायचो. "काखेत घट्ट होतात गं, ताई." "मग कमी गाळा घाम," मी म्हणायचे. ती हसायची आणि गठ्ठा घेऊन पाठमोरी व्हायची. एकदा तिने विचारलं, माझ्या कुंड्यांना पाणी घालतेस का? मी हो म्हटलं. मी घालत नव्हते. तिच्या अंगणात पाय ठेवायची मला भीती वाटत होती. पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा सगळ्या कुंड्या वाळलेल्या होत्या आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही.

आता त्या जुलैतल्या एका बुधवारचं सांगते. मी तिथे नव्हते. तिने मला हे सांगितलं ते गेल्या वर्षी, एका गुरुवारी, माझ्या दंडाला पट्टी बांधून. पट्टी फुगवता फुगवता ती बोलू लागली आणि हवा सोडायलाच विसरली. माझा हात काळानिळा व्हायला आला होता, पण तिला थांबवायचा धीर मला झाला नाही.

इस्पितळ भरलं होतं, मग व्हरांडा भरला होता, मग गाड्या लावायच्या जागेत तंबू ठोकला होता. आत भिंतीतल्या नळीतून ऑक्सिजन येतो, तंबूला तर भिंतच नव्हती. मोठे डॉक्टर स्वतःच आत खाटेवर पडले होते. तंबू सांभाळत होता बगास नावाचा सत्तावीस वर्षांचा डॉक्टर आणि ही. तीस तास तो झोपला नव्हता. तंबूत नऊ जण होते, नऊही धापा टाकणारे, आणि प्रत्येकाच्या उशाशी घरचं एक माणूस. त्यांच्यात आमच्या गल्लीतला वागिमान होता, पोनीराचा नवरा. सायकलदुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. इतका भिडस्त माणूस की टायरमध्ये हवा भरायचे पैसे त्याने कधी कुणाकडे मागितले नाहीत.

सकाळी दहाला तंबूसाठी तीन सिलेंडर आले. माणसं नऊ.

डॉक्टर उपड्या बादलीवर बसला होता. "बू," तो म्हणाला. तिकडे सगळे तिला बू म्हणत, म्हणजे आई. "बू, तिघांना जास्त गरज असती तर मी ठरवलं असतं. पण नऊच्या नऊ सारखेच आहेत. मी कुणाला निवडू?"

एव्हाना घरची माणसं भोवती गोळा झाली होती. एकाने डॉक्टरची बाही धरली. ती बाही मी शिवलेली, ती काही टिकली नाही. दुसरा म्हणत होता, माझी आई काल सकाळपासून इथे आहे, आमचा नंबर आधी. तिसरी नुसतीच रडत होती. आणि मार्नी म्हणाली, "बाटली हलवू या."

"कसली बाटली?"

"भिशीची. ज्याचं निघेल त्याचं निघेल. ज्याचं नाही निघणार त्याला कुणावर राग धरावा लागणार नाही."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. पण माणसं गप्प झाली. आमच्याकडे भिशी न लावलेलं घर नाही. बाटलीसमोर कुणी आवाज चढवत नाही. सलाइनची रिकामी बाटली घेतली, झाकणाला भोक पाडलं, सलाइनच्याच नळीचे तुकडे केले. औषधांच्या कागदामागे घरच्यांनी आपल्या हाताने नावं लिहून दिली. आठ चिठ्ठ्यांवर पुरी नावं होती. पोनीराने लिहिलं, 'तोनोचे बाबा'. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नाही, कागदावर तरी कसं घेणार? "कुठल्या तोनोचे?" डॉक्टरने विचारलं. "माझ्या," ती म्हणाली.

मार्नीने बाटली हलवली. पहिली चिठ्ठी पडली ती तोनोच्या बाबांची.

पोनीरा तिथेच खाली बसली आणि तिने मार्नीचे रबरी बूट धरले. मग आणखी दोन नावं निघाली. तीन सिलेंडर तिघांना लागले. ज्यांचं निघालं नाही ते आपापल्या माणसाच्या उशाशी परत गेले, आणि खरंच कुणी भांडलं नाही.

"आणि मी काय केलं माहीत आहे, ताई?" मार्नी मला म्हणाली. "त्या तीन चिठ्ठ्या झग्याच्या खिशात टाकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. हातानेच टाकल्या. एकोणीस वर्षं तेच करतोय ना हा हात."

दुपारी चारला आणखी दोन सिलेंडर आले, कुणीतरी वेल्डिंगच्या दुकानातून हातापाया पडून आणलेले. मार्नीने परत बाटली काढली. सकाळच्या तिघांपैकी एका म्हातारीला आत खाट मिळाली होती. दुसऱ्याचा सिलेंडर मोठा होता, त्याला अजून चिंता नव्हती. वागिमानचा लहान होता. त्याचा काटा लाल पट्ट्यात शिरला होता, आणि तो मार्नीने डोळ्यांनी बघितला होता.

"बघितला आणि मनात आलं, यांना एकदा मिळालंय. बाकीच्या सहा जणांना एकदाही नाही. ते मला अगदी न्यायाचं वाटलं, ताई. मी सहाच चिठ्ठ्या टाकल्या आणि हलवली. डॉक्टर पलीकडे एकाची छाती दाबत होता. त्याने मान वर करून विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं."

पैशाची गोष्ट वेगळी. भिशीचे पैसे एकदा घरी नेले की पत्र्याचं छप्पर होतं, सोन्याची बांगडी होते, ती वर्षभर हातात राहते. श्वास काही कुणी साठवून ठेवत नाही. हे ती मला सांगत होती तेव्हा मला लगेच कळलं, तिला तंबूत कळलं नाही, आणि त्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं.

साडेपाचला वागिमानचा सिलेंडर संपला. संध्याकाळची अजान झाली आणि तो गेला. अजानीनंतर अर्ध्या तासाने लॉरी आली. तिच्यात इतके सिलेंडर होते की उतरवून ठेवायला जागा पुरेना.

"त्या दिवशी तंबूतले चौघं गेले," मार्नी म्हणाली. "तिघांचं नाव बाटलीतून निघालं नाही, म्हणून गेले. वागिमानचं नाव बाटलीत नव्हतंच. ते माझ्या खिशात होतं."

तेव्हा कुठे तिने पट्टीची हवा सोडली. मी हात चोळत विचारलं, "डॉक्टरला सांगितलंस?"

"दुसऱ्या दिवशीच. तो म्हणाला, काटा बघायचं काम माझं होतं, बू. मग आम्ही दोघंही कामाला लागलो, तंबूत नवीन अकरा आले होते. आता तो बोर्निओत असतो. ईदला मेसेज करतो, माफ करा म्हणून. मीही करते."

हे ईदचं प्रकरण आमच्याकडे असं आहे. ईदच्या सकाळी घरोघर जायचं, हातात हात घ्यायचे, म्हणायचं, माझं वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर. समोरचा म्हणतो, माझंही. कुठली चूक ते कुणी बोलत नाही, आणि मग सगळे मिळून गोड खातात. मार्नी तीन वर्षं पोनीराच्या घरी गेली, हात हातात घेतले, ते वाक्य म्हणाली. पोनीराने तिला मिठाई दिली. घरी येऊन ती मिठाई तिने कोंबड्यांना घातली.

"मला एकदा तिला नीट सांगायचंय," मार्नी म्हणाली. "काय चुकलं ते सांगून माफी मागायचीय."

मी काय सल्ला दिला? तोही सांगते. मी म्हटलं, "मागितलीस ना ईदला? झालं. ती बिचारी निवांत झोपतेय. तुला झोप येत नाही म्हणून तिलाही उठवणार का?" मला स्वतःचं बोलणं फार शहाणपणाचं वाटलं होतं. मार्नीने मशीन पिशवीत भरलं आणि म्हणाली, "एकशेपन्नास आहे. मीठ कमी कर." पुढचे काही महिने ती त्यावर बोलली नाही.

भिशी परत सुरू झाली होती, पण बाटली धरायला मार्नी तयार नव्हती. खांदा दुखतो म्हणायची. मग गल्लीप्रमुखाच्या सुनेने फोनवर नाव काढायला सुरुवात केली. नावं भरायची, बोट लावायचं, आत चक्र फिरतं आणि एक नाव येतं. बायकांना ते पटत नव्हतं. ज्याला घामच येत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? तरी सव्वीस जणी मुकाट्याने चक्राकडे बघायच्या, आणि मार्नी मागच्या रांगेत दाराजवळ बसायची.

गेल्या महिन्यात फोनने पोनीराचं नाव काढलं. म्हणजे या महिन्याची भिशी तिच्या घरी. तिने तिथल्या तिथे जाहीर केलं, "माझ्या घरी फोन नको. मार्नीताई बाटली हलवेल. तिच्या हाताला यश आहे. तंबूत नऊ जणांतून पहिलं नाव आमचं निघालं ते तिच्याच हातून. नशिबात पुढचं नव्हतं, त्याला ती काय करणार?"

सगळ्या बायका मार्नीकडे वळून बघू लागल्या. कौतुकानेच बघत होत्या. मी मात्र माझ्या चपला शोधायला लागले.

काल ती भिशी झाली. मी लवकर गेले, केळीच्या पानातल्या चिकट भाताच्या वड्या रचायला. पोनीरा गॅसपाशी चहाचं आधण बघत होती. बाहेरच्या खोलीत बायका जमत होत्या, हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. मार्नी मागच्या दाराने आली. तिने पिशवीतून बीपीचं मशीन काढलं तेव्हा मला वाटलं, हिला आता कुणाचं बीपी आठवलं? पण तिने पट्टीच्या कप्प्यात बोटं घालून सलाइनच्या नळीचा एक तुकडा काढला. त्यात कागदाची सुरळी होती. तीन वर्षं दर गुरुवारी ती माझ्या दंडावर येत होती, आणि मला पत्ता नव्हता.

"पोनीरा," ती म्हणाली, "त्या दिवशी दुपारी मी दुसऱ्यांदा बाटली हलवली तेव्हा तुझ्या नवऱ्याची चिठ्ठी आत नव्हती. मी टाकली नाही. काटा लाल झालेला मी बघितला होता, तरी टाकली नाही. एकदा निघाली म्हणून खिशात ठेवली, भिशीत ठेवतो तशी. टाकली असती तर निघालीच असती असं नाही. पण मी टाकायला हवी होती. ही माझी चूक. ईदला मी हे बोलले नव्हते."

मी वड्या रचायचं थांबले. पोनीराने आधणाखालचा गॅस बारीक केला. हात पदराला पुसले, सुरळी घेतली, नखाने कागद बाहेर ओढला आणि उलगडला.

"माझंच अक्षर," ती म्हणाली.

 बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पोनीरा, चहा शेतातून आणतेस का गं?" तिने गॅस बंद केला.

"ताई, मी तिथेच उभी होते ना?"

"होतीस."

"मग मी काय आंधळी होते? सकाळी तू खिशात टाकलीस ती मी बघितली. दुपारी बाटलीत सहाच गेल्या, त्याही मी मोजल्या. काटा मलाही दिसत होता, त्यांच्या उशाशीच होता. शब्द अगदी ओठांवर आला होता, आमचीही टाक म्हणून. पण शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तरीण होती, तिला एकदाही मिळालं नव्हतं. आमचं एकदा निघालं होतं. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडाने मागायचं?" तिने चिठ्ठी परत सुरळी केली, पुन्हा उलगडली. "ते माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली."

मार्नी तिथल्या पाटावर बसली.

"मला वाटायचं, तुला ते माहीत आहे," पोनीरा म्हणाली. "म्हणून तू बाटलीला हात लावत नाहीस, मागे दाराशी बसतेस, तुला माझं तोंड बघवत नाही म्हणून. दर ईदला वाटायचं, आज ही विचारणार, पोनीरा, तुझाच नवरा होता, तू का गप्प बसलीस? म्हणून मी तुला मिठाई बांधूनच द्यायची. लवकर घेऊन जावंस म्हणून."

एका गल्लीत, चार घरं सोडून, दोघी तीन वर्षं असं जगत होत्या. आणि मी, जिला एकीचं सगळं माहीत होतं, तिला गप्प बस म्हणून सांगत होते. मला माझीच फार लाज वाटली आणि अजूनही वाटते.

त्या दोघी गळ्यात पडल्या नाहीत. पोनीराने चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली. "ही मी ठेवते," ती म्हणाली. मग कपाटातून जुनी बाटली काढून मार्नीच्या हातात दिली. "चल. बायका खोळंबल्यात."

बाहेर मार्नी मधोमध बसली. तिने बाटली उलटी धरली आणि हलवली. सुरळी पडली. नाव माझं निघालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या खारट तब्येतीवर दोन विनोदही झाले. मार्नीने चिठ्ठी उचलली, डबीकडे नेली, आणि तिचा हात मध्येच थांबला. डबीवर तो तसाच राहिला. बायका हसायच्या थांबल्या, काय झालं ते त्यांना कळेना.

पोनीरा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"ठेव, ताई," ती म्हणाली. "ही बाजूलाच ठेवायची असते."

मार्नीने चिठ्ठी डबीत टाकली आणि झाकण लावलं.